ड्रमला तेलबोट

साल होतं एकोणीसशे एकोणसत्तर. खांडेनवमीचा दिवस. नागपुरात हनुमाननगरच्या एका बोळात आनंदराव ठवकरांची जुनी फियाट चाकं काढून विटांवर चढवलेली होती. ब्रेकचे चारही ड्रम बाहेरून लालभडक रंगवून झाले होते आणि ते पेरूच्या फांदीला तारेनं टांगून वाळत होते.

या रंगकामाला कारण झाले विश्वनाथराव. ते प्रयागबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आनंदरावांचे साळे. पोळ्याला आले तेव्हा चाकाच्या भोकातून आत डोकावून म्हणाले होते, "भाऊजी, गाडी वरून नवरदेव अन् आतून भंगार! हे ड्रम काय विहिरीतून काढले काय?" आनंदराव सिंचन खात्यात ओव्हरसियर होते. बदली झालेल्या एका साहेबाकडून ही गाडी त्यांनी मोठ्या हौसेनं घेतली होती. ते बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं. दसऱ्याला सोनं द्यायला सेमिनरी हिल्सवर विश्वनाथरावांच्या दारात जायचं आणि गाडी अशी उभी करायची की चाकांतला लाल रंग दिसलाच पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गोपिका ही त्यांची सून. दुपारी ती वाटण घेऊन अंगणाच्या दारात आली आणि थबकली. सासूबाई, प्रयागबाई, पूजेचं ताट घेऊन पेरूखाली उभ्या होत्या. घरातली विळी, खलबत्ता, कुदळ, गाडीचे पाने, सगळ्यांना तेलबोट लावून झालं होतं. आता ड्रमची पाळी होती. बाहेरचा रंग ओला, बोट लावलं की पुसला जाणार. म्हणून त्यांनी तिळाच्या तेलात शेंदूर कालवला होता आणि मारुतीला लावतात तसा तो ड्रमच्या आतल्या चकचकीत कडेला, नेमका जिथं ब्रेक धरतो तिथं, चोपडत होत्या.

"आत्याबाई, आतून काहून लावून राहिल्या?"

"मंग कोठं लावू? तुह्या सासऱ्याचा रंग पुसला तं बोंबलन ना तो. लोखंड उघडं पडलं, त्याले आज कोरडं ठेवाचं काय?"

गोपिकाला आपली सायकल आठवली. तिच्या वडिलांचं, शालिकरामांचं, उमरेडला सायकलचं दुकान होतं. लहानपणी भावानं चकाकावी म्हणून चाकाच्या कडेला तेल लावलं होतं, आणि ब्रेक दाबूनही गोपिका सायकलसकट नालीत गेली होती. तिनं मनाची समजूत घातली, सासरे ड्रम बसवताना पुसतीलच.

पण भाजी टाकून ती बाहेर आली तेव्हा चाकं लागलेली होती. दिवे लागायच्या आत गाडी पायावर उभी राहिली पाहिजे म्हणून आनंदरावांनी घाई केली होती. चष्मा ते फक्त वर्तमानपत्रासाठी लावत. हात आधीच रंग आणि घासलेटानं बरबटलेले, त्यात तेल कुठं कळणार?

"मामाजी, आतून पुसलं का जी?"

"आता तू मले ब्रेक शिकव!" ते हसले आणि नळावर हात धुवायला गेले.

"काय पुसाचं वं?" प्रयागबाई मागून म्हणाल्या. "देवाचं तेल पुसतेत काय?"

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. अनंत मिलच्या बॉयलरवर कामाला होता, दसऱ्यालाही त्याची सकाळपाळी होती. जेवता जेवता तो म्हणाला, "बाबा पाहून घेतीन ना. तू फालतू जीव जाळून राहिली. अन् आईले काही बोलू नको, नऊ दिवसांची उपाशी आहे ते."

दसऱ्याची सकाळ गोपिकाला जड गेली. पुरणाला चटका लागला. ती दारात जायची, गाडीकडे बघायची, परत चुलीपाशी यायची. आनंदरावांनी इस्त्रीचं धोतर नेसलं. तीन वर्षांची छबी नवं परकर-पोलकं घालून आजीच्या मांडीवर बसून जाणार होती. गोपिका घरी थांबणार होती, स्वयंपाक तिच्याकडे होता. जाताना चढ, चढावर काही होणार नाही. परतताना मात्र सेमिनरी हिल्सची ती लांब उतरण, आणि खाली तेलंगखेडीचा तलाव. तिच्या डोळ्यांसमोर तोच तलाव सारखा येत होता.

सरळ सांगायचं, तर आज सणाच्या दिवशी, गाडी दारात सजलेली असताना, सुनेनं ब्रेक लागणार नाही म्हणायचं. आणि कशामुळे? तर सासूच्या तेलबोटामुळे! छबीला ताप आहे म्हणून ठेवून घ्यावी, असंही तिच्या मनात आलं. पण मग त्या दोघांचं काय?

प्रयागबाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला आणि चाकांखाली ठेवायला लिंबं मागितली. गोपिकानं लिंबं आणली, पण चाकांखाली ठेवली नाहीत. ती बोळातून चालत गेली. बोळाला थोडा उतार होता. मोठा रस्ता लागायच्या अलीकडे शेजारच्या लहानू मिस्त्रींनी बांधकामासाठी वाळूचा ढीग टाकला होता. त्या ढिगाच्या बरंच अलीकडे तिनं दोन लिंबं मांडली आणि परत आली.

"तिकडं काहून ठेवली वं?" प्रयागबाई म्हणाल्या.

"आमच्या उमरेडले असंच करतेत," गोपिका म्हणाली. "चालत्या गाडीनं लिंबावर जाचं अन् बराबर लिंबावर थांबाचं. थांबली तं वर्षभर गाडीले काही होत नाही. अन् थांबेपर्यंत आत दुसरं कोणी बसाचं नाही."

"हे कोठलं नवीन?"

"राहू दे ना," आनंदराव म्हणाले. एव्हाना शेजारपाजारचे दारात जमले होते, आणि लिंबावर गाडी उभी करून दाखवायची कल्पना त्यांना आवडली होती. "आत्ता थांबवून दाखवतो."

छबी गाडीकडे धावली. गोपिकानं तिला दंडाला धरून इतकं जोरात ओढलं की पोर रडायलाच लागली.

गाडी सुरू झाली. झेंडूचा हार हलला. लिंबं जवळ आली, आनंदरावांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. लिंबं चिरडली गेली, चाकं पुढे गेली. ते ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले, तशी गाडी एका अंगाला ओढली गेली आणि हळूहळू, जणू आपल्याच मर्जीनं, वाळूच्या ढिगात नाक खुपसून बसली.

"वाहवा ठवकर!" लहानू मिस्त्री ओट्यावरून ओरडले. "वाळू पाहिजे होती तं मागाची ना गा!"

कोणी हसलं, कोणी धावलं. आनंदरावांना काही झालं नव्हतं, फक्त बंपर वाकला होता. ते खाली उतरले ते थेट घरात गेले, चष्मा घातला, जॅक आणला आणि इस्त्रीच्या धोतरावरच तिथं बोळात चाक काढायला बसले. थोड्या वेळानं ते ड्रम हातात घेऊन अंगणात आले. आतून शेंदूर काळा पडून चिकटला होता.

"हे कोनं केलं?"

"म्या केलं," प्रयागबाई म्हणाल्या. "रंग ओला होता तुमचा." मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी छबीकडे पाहिलं, तिला जवळ ओढलं आणि पदर तोंडाला लावला.

आनंदरावांनी ड्रमची आतली कड धोतराच्या सोग्यानं पुसली. शेवटी म्हणाले, "पुढच्या सालापासून बॉनेटलेच लावत जा." मग सुनेकडे वळले. "अन् उमरेडले लिंबावर गाडी थांबवतेत, हे कधी ऐकलं नाही म्या."

"तिकडं गाड्या कोठं आहेत, मामाजी."

ते मोठ्यानं हसले. प्रयागबाई मात्र हसल्या नाहीत. सुनेला सगळं माहीत होतं आणि तिनं चार लोकांत हे घडू दिलं, हे त्यांना लागलं. दिवाळीचा फराळ करायला बसेपर्यंत त्या गोपिकाशी कामापुरतंच बोलल्या. चकलीचा घाणा बिघडला तेव्हा पहिल्यांदा त्यांनी हाक मारली, "गोपिका, इकडं ये वं, पाह्य जरा."

विश्वनाथरावांकडे त्या दसऱ्याला कोणी गेलं नाही. पुढे त्यांची जबलपूरला बदली झाली आणि लाल ड्रम त्यांनी कधीच पाहिले नाहीत. लहानू मिस्त्रींनी घर बांधलं, त्यात दोन वर्षं राहिले आणि विकून मुलाकडे मौद्याला गेले. आनंदरावांनी मोतीबिंदू होईपर्यंत गाडी चालवली, मग ती एका फोटोग्राफरला दिली. ते वारले तेव्हा आणीबाणी चालू होती. अनंतची मिल बंद पडल्यावर त्यानं पिठाची चक्की टाकली आणि ती बरी चालली. छबी भंडाऱ्याला शिक्षिका झाली. तिला दंडावरची ती ओढ आठवत नाही, आजीचं रडणं तेवढं आठवतं.

प्रयागबाई खूप जगल्या. शेवटी धंतोलीच्या दवाखान्यात त्यांना गोपिकाशिवाय कोणी पाणी पाजलेलं चालत नसे. आणि गोपिका आता सत्तरीच्या पुढे आहे. कोणाच्याही गाडीत बसली आणि उतार लागला की तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. नातू हसतो. ती पाय काढत नाही.