नववी चौकट

सकाळचे सात वाजून गेले होते. ताईचा एक हात बाबांच्या खांद्यावर होता, दुसरा कमरेवर. "एक, दोन, तीन" म्हणत तिनं त्यांना भिंतीकडच्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी खोचली आणि माकडहाडाजवळची कातडी वाकून पाहिली. कालच्याइतकी लाल नव्हती. चला, एवढं तरी बरं. तेवढ्यात टेबलावरचा फोन टुणकन वाजला.

घरच्या ग्रुपवर मधल्या भावाच्या बायकोचं 'रोजचं उत्तेजन' आलं होतं. गुलाबाच्या फुलांखाली सोनेरी अक्षरं होती: 'थकू नकोस. प्रभू तुझे श्रम पाहत आहे.' त्याखाली मधल्यानं जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं आणि धाकट्या भावानं 'आमेन' लिहिलं होतं.

"कुणाचं?" बाबांनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं. लकव्यानं त्यांची जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून यायचे. खोच मात्र शाबूत होती.

"भावजयीचं. प्रभू माझे श्रम पाहतोय म्हणे."

"प्रभू... पाहतोय," बाबा म्हणाले. "ही मंडळी... कधी येणार... पाहायला?"

ताई हसली. गेली नऊ वर्षं रोज सकाळी असंच काहीतरी येत होतं. कधी गुलाब, कधी कबूतर, कधी डोंगराआडून उगवणारा सूर्य. एकदा तरी कुणी लिहावं, 'येतो गं, तू जरा पडून घे.' पण त्यासाठी सोनेरी अक्षरं मिळत नसावीत.

ती घरात थोरली, म्हणून ताई. आता दूधवाला, औषधवाला आणि प्रार्थनामंदिराच्या मंडळीतले पांढऱ्या केसांचे वडीलधारेसुद्धा तिला ताईच म्हणत. ज्या नावानं सगळ्यांना हक्कानं हाक मारता येते, त्या नावाच्या बाईचं काम कधी संपत नाही.

त्या मंडळीत एक जुनी रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, म्हणून तर ती कुणाला खोडता येत नव्हती. घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की एक लेक त्याच्या सेवेला वाहायची. लेक, मुलगा नाही. तिला कुणी विचारत नसे. एक दिवस सगळे तिच्याकडे कौतुकानं बघायला लागत आणि तिला कळे की आपली पाळी आली. मग वर्षातून एकदा, आईवडिलांच्या सेवेच्या रविवारी, तिला वेदीपुढे बोलावून बायबलमधल्या वचनाची, काच लावलेली चौकट देत. ताईच्या भिंतीवर अशा आठ चौकटी होत्या. दर शनिवारी त्या पुसायच्याही तिनंच.

काच पुसणं तिला नवं नव्हतं. बाबा पडण्याआधी अकरा वर्षं ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायला होती. काचेवरचा केसाएवढा ओरखडा डोळ्याआधी तिच्या बोटाला कळायचा. बाबा पडले तेव्हा तिनं दोन महिन्यांची रजा घेतली होती. त्या दोन महिन्यांना आता दहावं वर्ष लागायचं होतं.

आणि गुरुवारी चष्मेवाल्या काकांचा फोन आला होता.

"पोरी, माझा हात थरथरतोय. कालच एका मास्तरांची काच फोडली. सोमवारपासून सकाळी दहा ते दोन येशील का? चार तास गं, जास्त नाही. तू येणार नसशील तर यंत्र विकतो. घेणारा दारात उभा आहे."

चार तास! ताईनं शुक्रवारी दोघा भावांना फोन केला. मधला विम्याचा एजंट होता. मनात येईल तेव्हा घराबाहेर पडायचा, त्याला साहेबच नव्हता.

"ताई, तुझ्यासारखं बाबांचं कुणालाच जमत नाही," तो म्हणाला. "ते दुसऱ्याच्या हातचं खातच नाहीत."

"कुणी भरवून पाहिलंय?"

"पाहिलं नाही, पण स्वभाव माहीत आहे ना! आणि या वयात नोकरीचं काय खूळ घेतलंस?"

धाकटा प्रार्थनामंदिरातल्या गायकवृंदाचा प्रमुख होता. सरावाला सोयीचं म्हणून मंदिराजवळच खोली घेऊन एकटा राहायचा. तो तर दुखावलाच. "सकाळी मी चाली बसवतो, ताई. देवाचं काम आहे. त्यात तूच आडकाठी घालणार?"

"आणि मी कुणाचं काम करतेय, रे?"

"तुझं तर त्याहून मोठं! म्हणून तर तुला चौकट देतात."

कुणी शिवी दिली तर उलट देता येते. कौतुकाला उत्तर काय द्यायचं?

शनिवारी दुपारी बुवा आले. बुवा म्हणजे त्या मंडळीतले गाऊन उपदेश सांगणारे म्हातारे गृहस्थ. बसक्या, पण अंतःकरणाला हात घालणाऱ्या आवाजाचे. ते एक ओळ गात, मंडळी ती झेलत, मग ते थांबून दोन गोष्टी सांगत आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत तीच ओळ पुन्हा वेगळ्या अर्थानं येई. ताई लहानपणापासून त्यांच्या उपदेशाची वेडी. आई गेली तेव्हा, बाबा पडले तेव्हा, तिला त्यांच्याच पदांनी उभं केलं होतं.

"ताई, उद्याच्या सेवेच्या रविवारासाठी पद रचलंय. तुझ्यावर!" बुवांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरून ते गाऊ लागले:

"घराची केली तिने वेदी,
आयुष्याची केली वात..."

चाल इतकी गोड होती की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बुवांना वाटलं, आनंदाचं. ताईला मात्र वाटलं, उद्या दोनशे माणसं ही ओळ झेलतील, आणि एकदा का ती गाण्यात बसली की मग जन्मात सुटका नाही.

"बुवा, मला सोमवारी कामावर जायचंय," ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं.

बुवांनी डोळे मिटून ऐकलं. मग मायेनं म्हणाले, "देवावर भार टाक, बाळ."

"टाकते हो. रोज टाकते. पण बाबांचं वजन बासष्ट किलो आहे, बुवा. तो भार उचलायला देव कुणाला तरी पाठवत असेलच ना? मग ती माणसं वाटेत कुठं थांबतात?"

भिंतीकडून बाबा खुसखुसले. "प्रार्थना करतो," असं म्हणून बुवा उठले. सगळे असंच म्हणून उठतात.

बुवा गेल्यावर ताईनं फडकं घेतलं. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. काच हलक्या प्रतीची होती, मधे लाट आलेली, वचनातली अक्षरं तिच्याखाली वाकडी दिसत. पुसता पुसता तिचा हात थांबला. तिनं आठही चौकटी खाली उतरवल्या आणि भिंतीवर आठ पांढरे चौकोन उरले.

"काय... करतेस?" बाबांनी विचारलं.

"वाटणी," ताई म्हणाली. "बाबा, मी सकाळी चार तास गेले तर तुम्हाला चालेल का? खरं सांगा. कुणी तुम्हाला विचारलंच नाही."

"भीती... वाटते," बाबा म्हणाले. "ते पाडतील मला." आणि मग, "पण मी... तुला... रोज पाडतोय."

ताईनं जाड पेन घेतलं आणि चौकटींच्या पाठीवर लिहायला बसली.

रविवारी शेजारीण बाबांजवळ बसली. ताई कापडी पिशवी घेऊन मंदिरात गेली. वेदीजवळच्या टेबलावर नववी चौकट ठेवलेली होती. धाकटा गायकवृंदापुढे उभा होता, मधला बायकोसह दुसऱ्या बाकावर. बुवांनी पेटीचा भाता हलवला, दोन गोष्टी सांगितल्या आणि पद उचललं.

"घराची केली तिने वेदी..."

मंडळी झेलणार, तोच ताई उभी राहिली.

"बुवा, माफ करा. मला ही चौकट नको."

पेटीचा सूर वाऱ्यासारखा निघून गेला. पुढच्या बाकावरचे एक वडीलधारे वळून म्हणाले, "ताई, बस. तुझी नम्रता ठाऊक आहे आम्हाला."

"नम्रता नाही, काका. राग आहे. नऊ वर्षांचा आहे." तिचा आवाज चिरकला, पण तिनं तो आवरला नाही. "प्रभूनं कुणाला ढोंगी म्हटलं होतं, आठवा. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना. आपण त्यांच्याही पुढे गेलो. आपण वस्तू नाही वाहिली, आपण बहीण वाहिली! बाबांची सेवा मी सोडत नाही. दुपार माझी, संध्याकाळ माझी, रात्र माझी. मला फक्त सकाळचे चार तास हवेत."

तिनं पिशवीतून चौकटी काढल्या. तीन धाकट्याच्या हातात दिल्या, तीन मधल्याच्या मांडीवर ठेवल्या आणि त्याला म्हणाली,

"पुढच्या बाजूला वचन आहे, मागं वार लिहिलाय. सोमवार, बुधवार, शुक्रवार धाकट्याचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुझे."

मधला लाल झाला. "सगळ्यांसमोर तमाशा कशाला, ताई? बरं, हिला पाठवतो."

"तिचे वडील नाहीत ते. तुझे आहेत."

मागच्या बाकांवर कुठल्याशा बाईला हसू फुटलं आणि ते खोकल्यात बुडालं. भावजयीनं मान खाली घातली. पण ताईला वाटलं, तीही ओठ दाबून बसली आहे.

"रविवारची ही माझ्याकडे राहील," ताई म्हणाली आणि उरलेली एक पेटीवर ठेवली. "ही तुमची, बुवा. मागं काही लिहिलं नाही. वार तुमचा तुम्ही ठरवा."

ती बसली. पाळकांनी घाईनं आशीर्वाद देऊन प्रार्थना आटोपली. बाहेर पडताना नेहमी हात धरून 'तू आम्हाला आदर्श' म्हणणाऱ्या बायांना त्या दिवशी आपापल्या चपला सापडायला फार वेळ लागला.

सोमवारी साडेनऊला ताई तयार होती. बाबांना पुसलं होतं, लापशी झाकून ठेवली होती, पायात चपला होत्या. पावणेदहा झाले. फोन टुणकन वाजला. धाकट्याचा निरोप: 'ताई, अंगात कणकण आहे. आजच्या दिवस सांभाळून घे. प्रार्थनेत असू दे.'

ताई मटकन खुर्चीत बसली. मनात फक्त एकच वाक्य फिरत होतं: आजच्या दिवस, आजच्या दिवस. नऊ वर्षं 'आजच्या दिवस'च तर झाली होती. तिनं चप्पल काढायला हात खाली नेला.

"काढू... नको," बाबा म्हणाले.

आणि दार वाजलं.

बुवा होते. धापा टाकत होते. काखेत ती चौकट होती आणि तिच्या पाठीवर वाकड्या अक्षरात 'सोमवार' लिहिलेलं होतं.

"धाकट्याच्या खोलीवरून आलो," ते म्हणाले. "अंगात कणकण आहे म्हणाला, मला काही ती दिसली नाही. चाल बसवत होता. असो, त्याच्याशी मी नंतर बोलतो. आधी मला शिकव, कसं वळवायचं."

"बुवा, तुम्हाला जमेल?"

"माझी आई चार वर्षं पडून होती," बुवा खाली बघत म्हणाले. "मी तिला एकदाही कुशीवर वळवलं नाही. माझ्या बहिणीनं वळवलं. मी शेजारच्या खोलीत सेवेची पदं रचत होतो. बहीण गेली तेव्हा तिच्यावरही एक पद रचलं. फार गाजलं ते." त्यांनी बाह्या सरसावल्या. "खांदा आणि कंबर, ना?"

"खांदा आणि कंबर. आणि तीन म्हणेपर्यंत ओढायचं नाही."

"एक," बुवा म्हणाले. "दोन..."

"गाऊ... नका," बाबा म्हणाले. "नुसतं... वळवा."

ताई दुकानात पोचली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. काकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि यंत्रावरचं कापड काढलं. पहिली काच तिला पुन्हा घासावी लागली. तिसऱ्या काचेच्या वेळी बोटाला सगळं आठवलं.

अडीचला घरी आली, तर बुवा खुर्चीत पेंगत होते, सदऱ्यावर लापशीचे डाग. बाबा उजव्या कुशीवर नीट झोपले होते. उशालगतचं वाडगं रिकामं होतं. चाटूनपुसून रिकामं.

"खाल्लं?" तिनं विचारलं.

"दोनदा मागितलं," बुवा डोळे चोळत म्हणाले.

ताईनं ते वाडगं हातात घेतलं. 'ते दुसऱ्याच्या हातचं खातच नाहीत.' या एका वाक्यानं तिला नऊ वर्षं घरात कोंडलं होतं, आणि ते खरं की खोटं हे पाहायला दुसऱ्याचा हात एकदाही पुढं आला नव्हता.

वाचकहो, देव श्रम पाहतो यावर माझाही पूर्ण विश्वास आहे. पण तो ते कुणी केले हे पाहतो, तसंच कुणी नुसते पाहिले हेही पाहत असणार. तुमच्या नात्यात, तुमच्या मंडळीत अशी एखादी ताई असेल. उद्या सकाळी तिला फूल पाठवण्याआधी एकदा तिच्या दाराशी जाऊन पाहा. चपला बाहेर काढा, बाह्या सरसावा आणि विचारा, कसं वळवायचं.

बुवांनी पुढच्या रविवारचं पद बदललं आहे असं कळतं. ते असं आहे:

"एकीची वात किती जाळाल?
आपापला दिवा घ्या हाती."

मंडळी ते झेलते की नाही, ते रविवारी कळेल. आत्ता सोमवारची संध्याकाळ आहे. भिंतीवर आठ खिळे तसेच आहेत. पहिल्या खिळ्यावर ताईनं कामाचा एप्रन टांगला आहे. बाबांना वळवायची वेळ झाली, म्हणून ती उठते आहे. उद्या मंगळवार, मधल्याचा वार. फोन अजून वाजलेला नाही.