फाटकाशी उभ्या गाई

पंधरा मे उजाडला तशा वेल्डन होगलंडच्या गाई कुणी न हाकता डोंगराच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. वणवा लागल्यापासून दोन उन्हाळे त्या वर गेल्या नव्हत्या, तरी वर चढायचा दिवस विसरल्या नव्हत्या. देवानंच त्यांच्या पोटात तो लिहून ठेवलाय, दुसरं काय!

पण फाटकाला सरकारी कुलूप होतं.

रिवाजाप्रमाणे खोऱ्यातली पाचही घरं घोडी घेऊन आली होती. गुरं कुणाचीही असोत, डोंगरावर चढवायची सगळ्यांनी मिळून. वेल्डनच्या घरच्या रानात दोनशे गाईंना महिनाभरही गवत पुरणार नव्हतं. वरचं सरकारी कुरण मिळालं तर कळप राहणार, नाहीतर गुरुवारी बाजाराचे ट्रक यायचे होते.

कुरण-कचेरीतली नवी अधिकारी, किंब्रो, गाडीतून उतरली. तिच्या हातात किल्ली नाही हे वेल्डननं लांबूनच पाहिलं.

"मिस्टर होगलंड, मी वरपर्यंत विचारलं. दोन वर्षं कुरण वापरलं नाही, म्हणून परवाना गेला."

"तुझ्या आधीचे इंग्रमसाहेबच म्हणाले होते ना, जळलेल्या डोंगराला विसावा दे म्हणून! वासरांना खुणेचा डाग दिला त्या दिवशी, माझ्याच अंगणात, जेवणाचं ताट हातात घेऊन. आम्ही हात मिळवला."

"त्यांचं पत्र आलंय. सगळं खरं आहे म्हणतात. पण ते आता निवृत्त आहेत. कुरण रिकामं ठेवायचा लेखी अर्ज त्यांनी तेव्हाच तुमच्याकडून घ्यायला हवा होता."

"हात मिळवल्यावर कागद मागायचा?" वेल्डनची बायको अर्डिथ म्हणाली. "त्यापेक्षा तोंडावर थुंकलेलं बरं!"

"अपील करता येईल. दीड वर्ष लागतं."

"मग तूच सांग बाई गाईंना, दीड वर्ष दम धरा म्हणून," शेजारचा लॉयल घोड्यावरून म्हणाला. किंब्रोनं मान खाली घातली. पोरीचा जीव तुटत होता, पण तिच्या जिवाला कचेरीत कोण विचारतो!

गाई वर निघण्याआधी पाद्रीबाबा दरवर्षी फाटकाशी खड्या आवाजात भजन म्हणत. आजही ते टोपी काढून उभे होते.

"म्हणू का रे, वेल्डन?"

"म्हणा की. पण ते चढणीचं नको."

पाद्रीबाबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गाई खाली न्यायचं भजन त्या खोऱ्यात कुणालाच येत नव्हतं.

मग सगळ्यांनी घोडी वळवली. वर चढवायला आलेली माणसं आता गाईंना माघारी लोटू लागली. मागच्या गाई नाइलाजानं वळल्या. म्होरकी गाय पर्ल मात्र लॉयलच्या घोड्याला वळसा घालून फाटकाशी परत आली. पुन्हा वळवली, पुन्हा आली.

"म्हाताऱ्या, हिला तूच सांग बाबा," लॉयल म्हणाला.

वेल्डन घोड्यावरून उतरला. "चल गं माझी बाय," म्हणत त्यानं तिच्या मानेला खांदा लावला. तिला वाटलं, मालक आला, आता फाटक उघडणार. ती मुकाट्यानं बाजूला सरकली आणि त्याला कुलपापर्यंत वाट करून देऊन उभी राहिली.