आठ हात डावीकडे

मी मायक्रोवेव्ह अँटेना बोलतोय. घराघरावरची टीव्हीची छत्री नव्हे, आणि डबा गरम करायची पेटी तर मुळीच नव्हे. मायक्रोवेव्हचं नाव काढलं की लोकांना शिळी भाजी आठवते, म्हणून आधीच सांगून टाकलं. मी गोल, पांढरा, ढोलासारखा. गावात मला ढोलच म्हणतात.

सात वर्षांपूर्वी मला वर्धा जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राच्या छतावर बसवलं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्याचाही अर्ज मागतील. जाम गावाकडच्या टॉवरवर माझा जोडीदार. आम्ही एकमेकांकडे बघत राहायचं आणि इकडच्या पेशंटचं तोंड तिकडच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, एवढंच काम. आमच्यात तार नाही, फक्त नजर. नजरेआड झालो की संसार संपला.

उपकेंद्राचा शिपाई सोनबा माझ्यावरची कावळ्यांची घाण पुसायचा. त्याची सून रुपा पहिलटकरीण, सातवा महिना, रक्तदाब चढलेला. दर मंगळवारी नर्स लीनाताई तिला पडद्यापुढे बसवायच्या आणि पलीकडून डॉक्टरीणबाई औषध ठरवून द्यायच्या.

मग ग्रामपंचायतीनं पाण्याची टाकी बांधली. गावात जागा काय कमी होती? पण बांधली नेमकी माझ्या नाकापुढे. पडदा काळा झाला.

मला छतावरच आठ हात डावीकडे सरकवलं की भागत होतं. अर्ध्या तासाचं काम. पण परवान्यात लिहिलंय, जागा, उंची, तोंड किंवा यंत्र बदलायचं तर आधी मंजुरी. नियम वाईट नाही, मीही मानतो. जो तो वाटेल तिकडे तोंड करून बोलू लागला तर ग्रामसभेत होतं तेच हवेत होईल. नियम शहाणाच असतो. तो कोणाच्या टेबलावर बसतो, त्यावर पुढचं सगळं.

लीनाताईंनी अर्ज लिहिला आणि सोनबा तो घेऊन शहरात गेला. परवान्याच्या ऑफिसातले बाबू दत्तोपंत यांनी फाइल उघडली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा अँटेना छतावर नाहीच. कागदावर तो तळ्यात आहे."

खरंच होता. मला बसवायला आलेल्या इंजिनिअरनं जागेचे आकडे मोबाइलवर काढले होते, आणि आमच्या गावात मोबाइल चालतो फक्त तळ्याच्या पाळीवर. सगळा गाव तिथंच जाऊन फोन करतो, म्हणून तो तिथं उभा राहिला याचं कुणाला काहीच वाटलं नाही. मोबाइलनं आकडे दहा हात पुढचे, पाण्यातले दिले.

दत्तोपंतांनी सांगितलं, आधी मंजूर जागेवरचा फोटो आणा, मग सरकवण्याचं बघू.

"साहेब, सुनेले आठवा लागते आता," सोनबा म्हणाला. "डॉक्टरीण दिसून नाई राह्यली तिले. चूक तुमच्या कागदाची, अन् फोटो मी कायचा आणू?"

"कागद चुकत नसतो, बाबा. वस्तू चुकीच्या जागी असते."

सोनबानं पुढे वाद घातला नाही. तिथंच फसला. गावी येऊन त्यानं शेजारच्या गुलाबची बैलगाडी मागितली, मला खाली उतरवलं आणि तळ्यात गुडघाभर पाण्यात तीन बल्ल्या रोवून त्यांच्यावर बसवलं. लीनाताईंनी विचारलं, हे काऊन करून राह्यले भाऊ? तो म्हणाला, फोटो निघाला की उद्या परत छतावर. म्हशी काही बाजूला झाल्या नाहीत. त्याही फोटोत आल्या.

पण फोटो पोचला तसा दत्तोपंतांचा निरोप आला, उत्तर येईपर्यंत वस्तू जागेवरून हलवू नका. महिन्याभरात उत्तर आलं. एवढी घाई त्या ऑफिसात कुणी पाहिली नव्हती. लिहिलं होतं, वस्तू परवान्यातल्या जागीच आढळली. विनंतीप्रमाणे आठ हात डावीकडे सरकवण्यास मंजुरी. इतरत्र नेल्यास कारवाई.

कारवाईला भिऊन आरोग्य खात्याच्या वरच्या साहेबांनी मला आठ हात डावीकडे सरकवायला लावलं. तळ्यातच. तिथं पाणी कमरेएवढं.

लीनाताई मात्र त्या कागदासाठी थांबल्या नव्हत्या. दाब पुन्हा चढला तसं त्यांनी रुपाला गाडीत घातलं आणि दोन तासांच्या खडबडीत रस्त्यानं वर्ध्याला नेलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. दोघी वाचल्या. जन्माला यायला जागेची मंजुरी लागत नाही, हे त्या पोरीचं नशीब.

आता उन्हाळा आहे, तळं आटलंय, मी चिखलाच्या पापडीवर उभा. परवा रुपा धुणं घेऊन आली आणि लेकीचे लंगोट माझ्यावर वाळत घातले. पाळीवरून सोनबा म्हणाला, "बाई, सरकारी वस्तू हाय ते."

"घरी घेऊन नाई चालली मी, मामाजी," रुपा म्हणाली. "इतक्या दिवसात आज काम भेटलं त्याले. करू द्या."

वाचकहो, मला छतावर न्या असं मी म्हणत नाही. तसा अर्जही करू नका; या खेपेला विहिरीत निघेन. फक्त लंगोट वाळेपर्यंत तपासणीला कुणी येऊ नका. माझ्या तोंडापुढे अडथळा नसावा, अशी परवान्यात अट आहे.