इकडे वजा, तिकडे जमा

पाळकसाहेबांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला तेव्हाच याकोबाने ओळखलं, आजची संध्याकाळ आपल्याला बाधणार. हॉलंडमधल्या त्या खेड्यात ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली ती मंडळीची बैठक. चर्चमागच्या खोलीत पंधरा-वीस पिकली डोकी, प्रत्येकापुढे एक कप कॉफी आणि एक बिस्किट. दुसऱ्या बिस्किटाला हात घालणारा माणूस या गावात अजून जन्मायचाय. पाळक तरुण होते, उत्साही होते. ते म्हणाले, आपल्याकडे बाकं रिकामी पडली म्हणून धीर सोडू नका, जगात ख्रिस्ती माणसं वाढतच आहेत. आफ्रिकेत उपासनेला जागा पुरत नाही, लोक बाहेर पत्र्याखाली उभे राहतात. मुसलमान मात्र त्याहून वेगाने वाढताहेत, कारण त्यांच्यात तरुण जास्त आणि लेकरंही जास्त. जाणकारांचा अंदाज खरा ठरला तर शतकाच्या मध्याला दोघं जवळजवळ बरोबरीला येतील.

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. शेजारी बसलेली फेम्मी मात्र याकोबाच्या कानाशी लागून म्हणाली, "बरोबरीला नाही येणार तर काय होईल? तुमच्या एवर्तने हातभार लावलाच की."

याकोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण फेम्मीवर चिडून काय उपयोग, फेम्मी बोलली ते खरंच होतं. आफ्रिकेत किती वाढले, आशियात किती वाढले, त्याच्याशी याकोबाला काय करायचंय? त्या सगळ्या हिशेबात तिचा एकुलता एक मुलगा इकडून वजा होऊन तिकडे जमा झाला होता. आणि जमा झाला होता तो कुठल्या मोठ्या धर्मात वगैरे नव्हे, तर सरळ त्या ग्युलसेर विहिणीच्या घरात.

एवर्तने तुर्की घरातल्या नेस्रीनशी लग्न ठरवलं तेव्हा तो म्हणाला होता, "तिच्या वडिलांच्या समाधानासाठी कलम्याचे दोन शब्द म्हणावे लागतील, आई. बाकी काही नाही." याकोबानेही मनावर घेतलं नव्हतं. सोळाव्या वर्षापासून ज्याला रविवारी सकाळी अंथरुणातून ओढून काढावं लागे, उपदेश सुरू झाला की जो पेपरमिंटची गोळी चघळत खिडकीबाहेर बघत बसे, आणि बाप गेल्यावर ज्याने चर्चचं तोंड पाहिलं नाही, तो मुलगा दोन शब्द म्हणून कितीसा मुसलमान होणार? पण झाला. आता रमजानात पहाटे उजाडायच्या आत उठतो. दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. आईसाठी एक तास बसवत नव्हतं आणि सासूसाठी महिनाभर उपाशी राहतो! लोक समजत, याकोबाला धर्म बदलल्याचं दुःख आहे. ते होतंच. पण रात्री कूस बदलताना तिला टोचायची ती विहीण.

म्हणूनच ग्युलसेरने इफ्तारला बोलावलं तेव्हा याकोबा लगेच हो म्हणाली. मनात बेत पक्का होता. सगळ्यांच्या देखत एवर्तकडून शब्द घ्यायचा की ईस्टरच्या रविवारी तो आपल्याबरोबर चर्चला येईल. विहिणीच्या तोंडावर घ्यायचा, म्हणजे नाही म्हणायची सोय राहणार नाही. तिने लोण्याचा केक भाजला, काळा कोट चढवला, आणि एवर्तच्या गाडीत बसून नदीपलीकडे डेव्हेंटर शहराकडे निघाली.

ग्युलसेरच्या घरी टेबल दिसतच नव्हतं, इतकी भांडी. मसुराचं सूप, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, गोल चपटे पाव, तीन प्रकारची वांगी. याकोबाच्या मनात आलं, एवढ्यात आपलं घर आठवडाभर जेवेल. केक कुठे ठेवावा तेच तिला कळेना.

"आणा इकडे, विहीणबाई," ग्युलसेर म्हणाली. जाड, गोरी, डोक्यावर फुलाफुलांचा रुमाल, आणि चाळीस वर्षं इथे काढूनही आवाज अजून डोंगरावरून हाक मारल्यासारखा. "एवढासाच केलात? तब्येत बरी आहे ना?"

"आमच्यात पुरेल एवढंच करतात."

"आमच्यात उरेल एवढं करतात."

याकोबा हसली. दात आवळून हसणं तिला गेल्या दोन-तीन वर्षांत चांगलं जमलं होतं. एवर्त आतून खजूर घेऊन आला. तो सासऱ्याच्या, म्हणजे रिफातच्या, पाठीमागे उशी सरकवतो काय, पोटुशा नेस्रीनला बसवतो काय! मग तो स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "आन्ने, तुम्ही बसा आता, वेळ झाली." आन्ने म्हणजे आई, एवढी तुर्की याकोबाला येत होती. नसती आली तर बरं झालं असतं.

सूर्य मावळला. खजूर खाऊन, पाणी पिऊन पुरुष शेजारच्या खोलीत नमाजाला गेले, परत आले आणि जेवणावर तुटून पडले. याकोबाही जेवली. वांगी अप्रतिम होती, म्हणून तिला आणखी राग आला. जेवण संपताच नेस्रीनचा धाकटा भाऊ तोल्गा फोन हातात घेऊन उठू लागला.

"बस," एवर्त म्हणाला.

तोल्गा बसला. याकोबाला वाटलं आता चहा येईल, म्हणून तिने आपली ताटली बाजूला सारली. ग्युलसेर तिला म्हणाली, "बसा, विहीणबाई. अजून सुटका नाही. तुमचा लेक वाचल्याशिवाय कोणाला हलू देत नाही."

एवर्तने कुराणाचा डच अनुवाद उघडला आणि वाचू लागला. पहिल्या दोन ओळींतच याकोबाने मान वर केली. आवाज बारेंदचा होता. घसा खाकरणं, प्रत्येक वाक्यानंतर थांबणं, कुठल्याच शब्दावर जोर न देणं, सगळं तिच्या नवऱ्याचं. बारेंद जिवंत होता तोवर तिच्या घरी रोज जेवणानंतर असंच वाचन होई. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय वाचून होईपर्यंत कोणी जागचं उठत नसे.

गोष्टही ओळखीचीच निघाली, दोन्ही ग्रंथांत असलेली. बापाचा एका मुलावर जास्त जीव, म्हणून भाऊ जळतात आणि त्याला विहिरीत टाकतात. बाप रडून रडून आंधळा होतो, असं एवर्तने वाचलं.

"आमच्यात रडून आंधळा होत नाही," याकोबाच्या तोंडून गेलं.

ग्युलसेरने वळून पाहिलं. "मग तुमच्यातल्या बापाला तेवढं लागलं नसेल."

"लागलं होतं! कपडे फाडले त्याने अंगावरचे. फक्त आमच्यात रडं मिरवत नाहीत."

"मिरवायचं नाही तर मुलाला कळणार कसं?"

तोल्गा खुसूखुसू हसला. रिफातने डोळे मिटल्यासारखं केलं. एवर्तने घसा खाकरून पुढे वाचायला घेतलं पण दोघींतल्या एकीनेही मान खाली घातली नाही.

नंतर भांडी उचलताना ग्युलसेरने स्वयंपाकघराचं दार लोटलं. "मला एक सांगा. काय पाजलंत त्याला लहानपणी?"

"म्हणजे?"

"माझ्या तोल्गाला मी हाताला धरून मशिदीच्या शाळेत नेलं. धपाटे घातले, गयावया केली. जेवला की फोन! थोरले दोघे ईदलासुद्धा फोनवरच उरकतात. आणि तुमचा बघा. आमच्यात जेवणावर वाचायची रीतच नव्हती, ती यानं आणली. आमच्या ह्यांनी विचारलं, कुठून शिकलास? तर म्हणाला, आईबाबांकडे." ग्युलसेरने ताटली जोरात आपटली. "जळते मी तुमच्यावर. उघड सांगते. तीन मुलगे वाढवले मी, आणि घरात देवाचं नाव टिकवतोय तो तुमचा."

याकोबाला गोड वाटलं. किती वर्षांनी एवढं गोड वाटलं असेल! पण ते घोटभरच. पाठोपाठ जे उसळलं ते आधीच्यापेक्षा कडू होतं. म्हणजे वेल आपल्या दारचा आणि भोपळे हिच्या छपरावर? बारेंदने अन् तिने इतकी वर्षं पेरलं ते उगवलं नाही असं समजून ती रडत बसली होती. ते उगवलं होतं, पण दुसऱ्याच्या वावरात.

एवर्त कोट घेऊन बोळात उभा होता. तिने त्याला तिथेच गाठलं. सगळ्यांच्या देखत बोलायचा बेत ती विसरूनही गेली.

"इथे वाचतोस. माझ्याकडे का नाही वाचलंस?"

"बाबांना पोचवून आलो त्या दिवशी जेवण झालं. शास्त्र तू नेहमीसारखं टेबलावर ठेवलंस. मला वाटलं, तू आता 'वाच' म्हणशील. तू ताटं उचललीस."

"मला वाटलं, तू हात पुढे करशील. आपल्यात बायकांनी वाचायचं नसतं."

"मग दुसऱ्या दिवशी तू ते कपाटात ठेवून दिलंस."

"तू घेतलं नाहीस म्हणून!"

"आणि तू म्हणाली नाहीस म्हणून मी घेतलं नाही." त्याने वर पाहिलं. "इथे आन्नेंनी पहिल्याच रमजानात तोंडावर विचारलं, एवर्त, तुझ्या मनात काही आहे का रे देवाचं? तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं, आई."

याकोबा भिंतीला टेकली. आपण मुलाला धाक घातला, उठवलं, न्हाऊ घातलं, चर्चमध्ये नेऊन बसवलं, पण असं कधीच विचारलं नाही. या गावात कोणीच कोणाला तसं विचारत नाही. बायकोला नाही, पोराला नाही, मरणाऱ्या माणसालाही नाही. आणि ही बाई आली नि विचारून मोकळी झाली.

"मग मी आता विचारते," ती म्हणाली. "रविवारी ये माझ्याबरोबर. ईस्टर आहे."

"नाही, आई."

"नुसता बाकावर बस. त्या फेम्मीच्या नाकावर टिच्चून."

त्याला हसू आलं, पण मान नकारार्थीच हलली. "लोकांना दाखवायला देवासमोर बसू? बाबांना चाललं असतं का? ते दोन शब्द मी पहिल्यांदा म्हटले तेव्हा नुसते शब्द होते. आता नाहीत."

संपलं. इतके दिवस तिच्या मनाचा एक कोपरा म्हणत होता की हे सासुरवाडीचं खूळ आहे, उतरेल. तो कोपरा आता गप्प झाला. रडण्याऐवजी तिला भांडावंसं वाटलं, ज्याच्याशी भांडता येईल अशा कोणाशीही. पण समोर एवर्तच होता, आणि तो कुठे पळत नव्हता.

"दुपारी जेवायला तरी ये," ती म्हणाली. "चर्च झाल्यावर."

"माझा रोजा असेल."

"मग जेवू नकोस. मी जेवीन, तू बसून राहा. जेवण झाल्यावर मी वाचीन."

"तू वाचशील?"

"मला वाचता येत नाही की काय? तू फक्त मध्येच उठू नकोस."

"नाही उठणार," एवर्त म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा फाटला. तिने ते ऐकलं आणि जपून ठेवलं.

तेवढ्यात ग्युलसेर केकचा रिकामा डबा घेऊन बोळात आली. डब्यात तिने काठोकाठ गुंडाळ्या भरल्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण रुमालाखालचा चेहरा कसनुसा झाला होता. दुसऱ्याच्या दारातून आत डोकावताना माणसाचा होतो तसा. याकोबा तो चेहरा रोज आरशात पाहत होती.

"विहीणबाई," ग्युलसेर म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज डोंगरावरून आला नाही. "रविवारी मीही येऊ का? नुसती ऐकायला. खाणार तर मीही नाही."

याकोबाने डबा हातात घेतला. तो चांगलाच जड होता.

"आला असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "पण माझ्याकडे खुर्च्या दोनच आहेत."

याकोबाच्या घरात खुर्च्या सहा होत्या, आणि त्यातल्या चार खुर्च्यांचे पाय एवर्तने स्वतः दुरुस्त केले होते. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आन्नेकडे. मग गाडीची किल्ली काढली आणि आईसाठी दार उघडून धरलं.