पत्र्यावरचं मांस

छप्पर उतरवायचं म्हणजे कोरियातल्या चुंगचंगमधल्या त्या खेड्यात अर्धा सणच. आज शेजारी आपल्याकडे राबणार, उद्या आपण त्यांच्याकडे. सकाळी सातलाच चौघे जण शिडी लावून वर चढले. पूर्वी गवत काढून त्याजागी घातलेले जुने सिमेंटचे पत्रे जाऊन आता निळा रंगीत पत्रा येणार होता.

सून युनसिल शिडीखाली उभी राहिली. “बाबा, यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे, त्याची धूळ छातीत बसते. सरकारी माणसं फुकट काढून नेतात.”

“पुढच्या वसंतात येतील ती,” सासरे वरून म्हणाले. “आणि ह्यांना काय सांगू? सूनबाई नको म्हणते, घरी जा?”

“मग निदान पाणी मारा. फोडू नका, खिळे काढून अख्खे उतरवा.”

“पोरी, हे पत्रे बनवायच्या कारखान्यात मी अकरा वर्षं होतो. मला काय झालंय?”

त्यांना काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते सासूबाईंच्या फुप्फुसांना. मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं होतं, “आजी, तुम्ही कारखान्यात होता?” तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “मी नाही, आमचे हे होते. मी त्यांचे कपडे झटकून धुवायची.”

युनसिलने दिलेले मास्क हनुवटीखाली लोंबले. हातोडी बसली. पांढरी धूळ वाळत्या मिरच्यांवर उतरली, सासूबाई झाडत होत्या त्या अंगणात उतरली, त्यांच्या एप्रनवर उतरली.

दुपारी विटांवर उतरवलेल्या जुन्या पत्र्याचा तुकडा ठेवून खाली जाळ केला. वर डुकराचं मांस चरचरू लागलं.

“चरबी बघा कशी पन्हळीतून निथळते,” शेजारी म्हणाला. “हॉटेलात मिळेल ही चव?”

आजोबांनी पानात घास गुंडाळून चार वर्षांच्या नातीच्या, नारेच्या तोंडात दिला. युनसिल धावली, बोट घालून तिने तो बाहेर काढला. नारेने भोकाड पसरलं.

“एका घासाने काय होतं?” युनसिलचा नवरा जमिनीकडे बघत म्हणाला.

तेव्हा सासूबाई उठल्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. चारचौघांत आपल्या नवऱ्याला त्या पहिल्यांदाच बोलल्या. “ती खरं सांगतेय. माझी छाती बघा आणि मग खा.”

कुणी चॉपस्टिक उचलली नाही. युनसिलचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत कोणीतरी तिचं ऐकलं होतं.

सासूबाईंनी नातीला कडेवर घेतलं. त्याच एप्रनचं टोक उचललं आणि तिचे डोळे, नाक, ओठ हळूहळू, मायेने पुसले.

हा आजार वर यायला तीस-चाळीस वर्षं लागतात. नारे रडायची थांबली होती.