ठोके मारणारं मशीन

आमची पंक्चरची टपरी कडोदऱ्याला हायवेलगत होती, तेव्हा मला एकच स्वप्न पडायचं. उन्हात गाडी उभी आहे, तिला कुणी हात लावत नाही, आणि चाकाचे नट आपले आपण फिरून सुटताहेत. आवाज म्हणून कसला नाही. नट बोरांसारखे माझ्या पदरात येऊन पडतात, आणि आमचे हे बाजूला खाटेवर दोन्ही हात डोक्याखाली घेऊन निजलेत. जाग आली की मी आधी ह्यांचा उजवा हात बघायचे. तो पोटावरच असायचा. डोक्यापर्यंत तो जातच नव्हता.

ह्यांचं नाव उखा. पूर्वी लिंबायतला आम्ही दोघंही लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात होतो, हे मागावर आणि मी बॉबिन भरायला. खातं बंद पडलं तेव्हा ह्यांनी टपरी टाकली. गंजलेले नट असे घट्ट बसतात की लांब पान्याला अक्षरशः लोंबकळावं लागतं. लोंबकळून लोंबकळून खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, "पाना सोडा, नाहीतर हात कायमचा जाईल." हे घरी येऊन मला हसत हसत सांगतात, जणू शेजाऱ्याच्या हाताची गोष्ट. मला असा संताप आला की तव्यावरची भाकरी जळाली तरी कळलं नाही.

पाना सोडायचा म्हणजे टपरी सोडायची. मग कुठल्या तरी बिल्डिंगीत वॉचमन होऊन शेठ लोकांना सलाम ठोकायचा. सलामाला तरी हात वर जायला हवा ना? मी म्हटलं, पाना मी मारते. तर म्हणे, "हायवेवर बाई चाक खोलणार? लोक काय म्हणतील?" लोकांना चाक बदलून हवं असतं, दुसरं काही नको असतं. पण हे कुठं ऐकतात.

एका ड्रायव्हरनं सांगितलं, लाईटीवर चालणारं मशीन मिळतं, त्याला इम्पॅक्ट म्हणतात. नटावर धरायचं, बटण दाबायचं, झालं. त्या दुपारी मी बसल्याबसल्या झोपेत गेले आणि पुन्हा तेच स्वप्न पडलं. उठले ती ठरवूनच.

नव्या मशीनच्या दुकानात किंमत ऐकली आणि पायऱ्या उतरलो. मग शनिवारी बाजारात जुन्या मालवाल्या बन्सीलालकडे गेलो. त्यानं पोत्यावर तीन मशीनं मांडली. पहिलं मोडीत काढलेल्या जहाजातून निघालेलं, दिसायला एकदम झकास, पण आपल्या लाईटीवर लावलं की जळणार, त्याला लाईट कमी करायचा वेगळा डबा लागतो. ते बाजूला. दुसरं काळं आणि जड. बन्सीलालनं फळीला आवळलेल्या नटावर ते धरून बटण दाबलं. क्षणभर ते अडलं आणि मग ठकठकठक ठोकेच मारायला लागलं. ह्यांनी मशीनवर ठेवलेला हात झटकन काढून घेतला.

आम्हा लूमवाल्यांना कानाचा भरवसा नाही. खात्यात वर्षं घालवली की निम्मं ऐकू येत नाही, म्हणून मशीनला तळहात लावून बघायची सवय. माग एका तालात चालतो. तालाबाहेर ठोका लागला की काहीतरी बिघडलं, बटण बंद करायचं. काळं मशीन तर नुसते ठोकेच मारत होतं. ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझंही तेच मत.

तिसरं हिरवं, हलकं. त्याच नटावर लावलं तर गुणगुणत फिरलं, हाताला जराही धक्का नाही. माझ्या स्वप्नातलं मशीन हेच, मला वाटलं. बन्सीलाल म्हणाला, "भाभी, काला लो. ये चीज ठोकती ही है." मी मनात म्हटलं, खपत नाही तो माल आमच्या गळ्यात मारतोय. हिरवं घेऊन आम्ही राजीखुशीनं बसमध्ये बसलो.

दुसऱ्या दुपारी एक अँबॅसिडर आली. मागच्या कारखान्यातून लाईटीची वायर घेतली होती. ह्यांनी ऐटीत हिरवं मशीन नटावर धरलं. ते गुणगुणलं. गुणगुणतच राहिलं. नट जागचा हलेना आणि मशीनला जळका वास यायला लागला. ह्यांनी ते खाली ठेवलं आणि पाना उचलला.

मी म्हटलं, "ठेवा तो."

"गिऱ्हाईक उभंय, पुष्पा."

पाना लावून ते लोंबकळले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला पुढचं बघवेना. ह्यांना बाजूला सारून मी पदर खोचला आणि पान्याच्या दांड्यावर सरळ चढले. माझ्या वजनालाही नट दाद देईना. मग माझं टाळकंच फिरलं. नटावर, ह्यांच्यावर, बन्सीलालवर, सगळ्यांवर. गाडीचं छत धरून मी त्या दांड्यावर दणादणा उड्या मारल्या, आणि कट्‌ करून नट सुटला.

हे माझ्या पायाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वजनानं नाही सुटला. त्याला ठोके लागतात."

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. काळ्यानं ठोकून सैल केलेला नट बाजारात हिरव्यानं नुसता फिरवला होता.

काळं मशीन बन्सीलालकडे पोत्याखाली तसंच होतं. "लिंबायतवाले सब इसको हाथ लगाके रख देते हैं," तो म्हणाला. बदलून दिलं, वर चार शब्द ऐकवले. ऐकून घेतले.

ते जड, ह्यांच्या खांद्याला झेपणारं नव्हतं, तेव्हा ते मीच धरलं. पहिले काही दिवस हे ओशाळून रस्त्याकडे बघत बसायचे. लोक काही म्हणाले नाहीत. मग हे खाटेवर आडवे व्हायला लागले. खातं सुटल्यापासून ह्यांना शांततेत झोप लागत नव्हती. मशीनची ठकठक सुरू झाली की डोळे मिटायचे, मी बटण सोडलं की उघडायचे. "का बंद झालं?" विचारायचे. मी म्हणायचे, "चाक झालं."

असे बरेच महिने गेले. एका दुपारी मी शेवटचा नट काढून बटण सोडलं, तरी हे उठले नाहीत. मशीन तिथंच ठेवलं. जवळ जाऊन पाहिलं. छाती संथ वरखाली होत होती, आणि उजवा हात डोक्याखाली होता.

गिऱ्हाईकानं हॉर्न वाजवला. मी ओठावर बोट ठेवून त्याला गप्प केलं.