पाण्यानं खाल्लेली काच

इचोड्याजवळच्या सरकी-तेलाच्या गिरणीत सुरेंद्र बारा वर्षं बॉयलर सांभाळत होता. आत पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी यंदा पांढुरकी पडली. मॅनेजरांनी त्याच्यापुढे फडकं धरलं.

"पुसून नाही जात, साहेब. आतून खाल्ली हाय. दाबातलं उकळतं पानी काच खाते."

रविवारी बॉयलर थंड असताना त्यानं नळी काढून दाखवली. आतून खरबरीत झालेली, वरच्या टोकाला काचेची जाडी निम्मीच उरलेली. मॅनेजरांनी ती उजेडात फिरवून पाहिली. नवी नागपूरहून मागवतो म्हणाले, पण सीझन आहे, तोवर हीच चालव. सुरेंद्रनं तीच बसवली.

नळीपुढे जाड काचेचं कवच असायचं, नळी फुटली तर माणूस वाचावा म्हणून. आता दोन काचांतून पाणी दिसेचना. बुधवारी सुरेंद्रनं कवच काढून ठेवलं. काढ म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारच्या पाळीला भगवानराव आले. त्यांनीच सुरेंद्रला हे काम शिकवलेलं. सुरेंद्रला पोरीच्या शाळेत जायचं होतं. निघता निघता तो म्हणाला, "काका, पानी जवळून पाहाजा, दुरून दिसत नाही."

कवच आहेच असं धरून भगवानरावांनी जवळून पाहिलं. तासाभरात नळी फुटली.

उजवा डोळा गेला. डाव्याला नुसता उजेड कळत होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजरांनी सुरेंद्रला बोलावलं. "कवच भगवानरावांनी काढलं म्हणून सांग. ते काही कामावर परत येत नाहीत. तुझी नोकरी राहील."

सुरेंद्रनं खरं ते लिहून दिलं, मॅनेजरांना नळी दाखवली होती तेही. त्याच आठवड्यात त्याला काढलं. मॅनेजर राहिले.

मग तो आदिलाबादच्या दवाखान्यात गेला. खाटेशी बसून त्यानं सगळं सांगितलं.

भगवानरावांनी आवाजाकडे तोंड वळवलं. "काढलं त काढलं. मले सांगतलं काऊन नाही?"

"घाईत होतो, काका."

"एवढीच गोष्ट होती सांगाची."

सुरेंद्र रडू लागला. भगवानरावांच्या बायकोनं, बयनाबाईंनी, त्यानं आणलेली संत्री परत त्याच्या हातात दिली.

"जा आता," त्या म्हणाल्या. "त्यायले तुया आवाज आयकू देऊ नोको पुन्हा."